‘असताना’ या शब्दाचे इंग्रजी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



अध्यक्षमहाराजांनी आमचा परिचय करून देताना आम्हांस ‘इंग्रजीचे जाणकार’ म्हटले. हा त्यांचा मोठेपणा होय. वस्तुस्थिती अशी आहे की आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण वगळले तर पुढील शिक्षणाचा योग आम्हांस आला नाही. नोकरीची पहिली पंचवीस वर्षे आम्ही प्राथमिक शाळेत मराठी, गणित व इतिहास शिकविला. मग २००० साली सरकारने मराठी शाळांतून इंग्रजी पहिलीपासून सुरू केले आणि चाळिशी ओलांडलेले आम्ही एका सकाळी इंग्रजीचे शिक्षक झालो! फळ्यावर चित्र काढावे, मुलांकडून शब्द म्हणवून घ्यावा, आणि घरी येऊन रात्री दिव्याखाली आपण स्वतः पुढचा धडा शिकावा, असा आमचा क्रम होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आम्ही खरोखर मन लावून वाचली ती शाळेत असताना नव्हे, तर शाळा शिकवीत असताना. हे दोन ‘असताना’ आपण ध्यानात ठेवावेत, कारण आजचा विषय तोच आहे.

अशा संमेलनात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व, ज्ञातीची उन्नती, तरुणांचे कर्तव्य अशा विषयांवर बोलावे असा प्रघात आहे. ते सर्व विषय थोर आहेत आणि आमच्याहून थोर माणसे त्यांवर बोलली आहेत. आम्ही एका लहानशा शब्दावर बोलणार आहो. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या हे मराठीत आपण ‘असताना’ या एका शब्दाने सांगून मोकळे होतो. इंग्रजीत ते कसे सांगावे, एवढाच प्रश्न आहे. त्या प्रश्नापायी आपल्याच एका घराचे आठ महिने हाल झाले आणि त्याला कारण आम्ही झालो. ती हकीकत येथे आजवर कोणी काढली नाही. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो भला माणूस तर कधीच काढणार नाही. म्हणून आम्हीच ती सांगतो.

२००६ सालची गोष्ट. आपले एक ज्ञातिबांधव लाकूड कापण्याच्या एका लहानशा गिरणीत कामास होते. एके संध्याकाळी त्यांचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला आणि दोन बोटे गेली. मालकाने कामगारांचा विमा उतरविला होता. विमा कचेरीचा सारा पत्रव्यवहार इंग्रजीत. घरात इंग्रजी लिहिणारे कोणी नाही. तेव्हा हाताला पांढरे फडके बांधलेल्या स्थितीत ते पत्नीसह आमच्याकडे आले व म्हणाले, “गुरुजी, एवढा कागद लिहून द्या.”

आम्ही विचारले, “कसे झाले?” ते म्हणाले, “सुटी व्हायच्या वेळी भुसा झाडत होतो गुरुजी, तेवढ्यात हात गेला.”

आम्ही चष्मा लावला आणि लिहिले : ‘व्हेन ही हॅड फिनिश्ड हिज ड्यूटी अँड वॉज क्लीनिंग, हिज हँड वॉज कॉट इन द बेल्ट.’ लिहून पुन्हा वाचले आणि, खरे सांगतो, स्वतःवरच खूश झालो. ‘हॅड फिनिश्ड’ हा प्रयोग त्या काळी आम्हांस नुकताच नीट समजला होता आणि तो जेथे तेथे योजण्याची हौस होती. ‘हॅड’ घातला की वाक्य भारदस्त दिसते, अशी आमची समजूत.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. अपघात कामाच्या वेळेनंतर घडल्याचे अर्जावरूनच दिसते. काम संपल्यावर अर्जदार यंत्रापाशी कोणत्या कारणाने होता याचा खुलासा व्हावा, अशी पृच्छा. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याची मागणी दुहेरी होती : इजा कामातून उद्भवलेली पाहिजे आणि ती काम चालू असताना झालेली पाहिजे. ‘आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ’ असे मूळ शब्द आहेत. पहिला अर्धा भाग कारणाचा, दुसरा अर्धा भाग वेळेचा. आम्ही आमच्या हाताने, आमच्या शाईने, वेळेचा अर्धा भाग पुसून टाकला होता. ‘हॅड फिनिश्ड’ म्हणजे काम संपून चुकले. इंग्रजी वाचणाऱ्याने तेच वाचले. त्याचा काय दोष?

पुढे खुलासे, साक्षी, हजेरीपुस्तकाच्या नकला यांत आठ महिने गेले. शेवटी पैसे मिळाले. परंतु तोपर्यंत वहिनींच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या होत्या. त्या सुटून आल्या, व्याज मात्र गेले ते गेले. ते व्याज आपण भरावे म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो असता त्यांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

आमची चूक ज्यांनी उकलून दाखविली ते आपल्यातलेच एक वृद्ध गृहस्थ. मुंबईच्या एका कचेरीत टंकलेखक म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यांना सारे नाना म्हणत. आज ते हयात नाहीत. पृच्छेचा कागद घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्या अर्जाची नक्कल वाचली आणि म्हणाले, “गुरुजी, हा ‘हॅड’ कोणी घातला?” आम्ही मान खाली घातली. मग त्यांनी त्या बांधवास समोर बसवून तीन प्रश्न विचारले. सुटीची घंटा झाली होती काय? मोटार बंद केली होती काय? पट्टा थांबला होता काय? उत्तरे अशी : घंटा व्हायची होती, मोटार बंद केली होती, पट्टा अजून फिरत होता. मोटार बंद केल्यावरही मोठे चाक आपल्या वेगाने काही वेळ फिरत राहते, हे ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. आणि घंटा होण्यापूर्वी आपल्या यंत्राखालचा भुसा झाडून जागा स्वच्छ करणे हा कामाचाच भाग होता.

नानांनी पाठकोऱ्या कागदावर एक लांब रेघ ओढली. “ही पाळी.” तिच्या शेवटाकडे, तिच्या खाली, एक आखूड रेघ ओढली. “हे झाडणे.” तिच्या खाली आणखी एक. “हे पट्ट्याचे फिरणे.” आणि मग तिन्ही रेघा जेथे एकमेकींच्या खाली येतात तेथे पेन्सिलीचे एक टिंब दिले. “आणि हा हात. आता सांगा गुरुजी, हे टिंब पाळीच्या आत आहे की बाहेर?”

मंडळी, पंचवीसहून अधिक वर्षे मास्तरकी करून जे आम्हांस उमगले नव्हते ते त्या टिंबाने उमगले. मग नानांनी वाक्य सांगितले ते असे : ‘व्हाइल ही वॉज स्वीपिंग द सॉडस्ट ऍट दि एंड ऑफ हिज शिफ्ट, हिज हँड वॉज कॉट इन द बेल्ट, विच वॉज स्टिल टर्निंग.’ या वाक्यात झाडणे ही रेघ आहे, फिरणे ही रेघ आहे, हात सापडणे हे टिंब आहे आणि तिन्ही पाळीच्या आत आहेत. एक ‘हॅड’ नाही.

आता ही रेघ आणि हे टिंब घेऊन आपण त्या शब्दांकडे वळू.

‘व्हाइल’ हा शब्द मुळात नाम आहे. त्याचा अर्थ ‘काही काळ’, ‘थोडा अवधी’. आजही इंग्रज माणूस ‘फॉर अ व्हाइल’ म्हणतो तेव्हा तो नामच वापरतो. ज्याच्या पोटातच अवधी आहे अशा शब्दापुढे टिंब ठेवून चालत नाही, रेघ ठेवावी लागते. ‘व्हाइल आय वॉज ईटिंग, द गेस्ट्स अराइव्ह्ड’ हे बरोबर, कारण जेवणे ही रेघ आहे. ‘व्हाइल द गेस्ट्स अराइव्ह्ड, आय वॉज ईटिंग’ हे खटकते, कारण पाहुणे दारात येणे हे एका क्षणाचे काम. तेथे ‘व्हेन’ हवा : ‘व्हेन द गेस्ट्स अराइव्ह्ड, आय वॉज ईटिंग.’ ‘व्हेन’ हा शब्द सोशिक आहे. त्याच्यापुढे टिंबही चालते आणि रेघही चालते. म्हणून ज्या विद्यार्थ्यास शंका येईल त्याने ‘व्हेन’ लिहावा. परीक्षेत त्याचे गुण सहसा जात नाहीत. आणि दोन्ही रेघाच असतील, आई स्वयंपाक करीत होती आणि बाबा वर्तमानपत्र वाचीत होते, तर ‘व्हाइल’ आणि दोन्ही ठिकाणी ‘वॉज’ व ‘इंग’. (बाबांनी मदत का केली नाही हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.)

आमच्या मराठी मनाला ‘व्हेन’ने एक सापळा लावून ठेवला आहे. मराठीत ‘जेव्हा’ आला की ‘तेव्हा’ आलाच पाहिजे. त्यांची जोडी आहे. इंग्रजीत ‘व्हेन’ एकटाच येतो. ‘व्हेन आय वेंट देअर, देन ही वॉज स्लीपिंग’ हे वाक्य आम्ही शेकडो वह्यांतून तांबड्या शाईने खोडले आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बोलताना उच्चारलेही आहे.

दुसरा सापळा भविष्यकाळाचा. ‘तो येईल तेव्हा मी स्वयंपाक करीत असेन’ यात मराठीने दोन्हीकडे भविष्यकाळ घातला आहे आणि ते योग्यच आहे. इंग्रजीत ‘व्हेन’च्या वाक्यात तो चालत नाही : ‘व्हेन ही कम्स, आय विल बी कुकिंग.’ येणे उद्याचे असले तरी क्रियापद आजचे. याचे कारण मुले विचारतात. आम्ही सांगत असू की ‘विल’ एकदा मुख्य वाक्यात येऊन गेला की वेळ कोणती हे कळलेच. इंग्रज पुन्हा सांगत नाही. हे उत्तर पुरे आहे असे नाही, पण मुलांचे समाधान होई.

‘ऍज’ हा या कुटुंबातला सर्वांत लहान आणि सर्वांत खोडकर शब्द. दोन रेघा बरोबरीने पुढे सरकत असतील तर तो फार सुंदर काम करतो. जसजसे ऊन चढले तसतसे धुके विरळ झाले : ‘ऍज द सन रोज, द मिस्ट थिन्ड.’ आपले ‘जसजसे-तसतसे’ येथे दोन अक्षरांच्या शब्दात मावते. ‘जस्ट ऍज’ म्हटले की दोन टिंबे अगदी एकावर एक येतात : ‘जस्ट ऍज आय सॅट डाउन, द लाइट्स वेंट आउट’, मी बसायला आणि दिवे जायला एकच गाठ पडली. हे वाक्य तर वीज मंडळाच्या कृपेने आमच्या सर्व मुलांना अनुभवाने समजत असे! परंतु याच ‘ऍज’चा दुसरा अर्थ ‘कारण’ असाही आहे. ‘ऍज आय वॉज वर्किंग, आय डिड नॉट हिअर द बेल’ याचा अर्थ ‘मी काम करीत असताना’ की ‘मी काम करीत होतो म्हणून’? दोन्ही होतात. गोष्ट सांगताना असे वाक्य चालते. अर्जात मात्र वाचणारा त्यातून त्याला हवा तो अर्थ घेईल. म्हणून कचेरीच्या कागदात वेळ सांगावयाची असेल तर ‘ऍज’ टाळावा, असे आमचे मत आहे.

‘ड्यूरिंग’विषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आमच्या पिढीने त्याची फार हेळसांड केली. ‘टिकणे’ या अर्थाचे एक जुने क्रियापद इंग्रजीत होते. त्याचे ‘इंग’ लागलेले रूप म्हणजे ‘ड्यूरिंग’. तेव्हा त्याचा मूळ भाव ‘अमुक गोष्ट टिकून असता’. त्याच्यापुढे ती गोष्ट, म्हणजे नाम, ठेवावे. वाक्य ठेवू नये. ‘ड्यूरिंग द मील’ बरोबर. ‘ड्यूरिंग आय वॉज ईटिंग’ चूक. आपल्या ‘जेवणाच्या वेळी’ आणि ‘मी जेवत असताना’ यांत जो फरक तोच येथे. आणि ‘किती वेळ?’ याचे उत्तर ‘ड्यूरिंग’ देत नाही, ‘फॉर’ देतो. आजारपणाच्या रजेच्या अर्जात ‘ड्यूरिंग थ्री डेज’ लिहिणारे शिक्षकच होते, विद्यार्थी नव्हेत. नावे सांगत नाही, काही मंडळी समोर बसली आहेत.

आता एक असा दोष, जो शिकलेल्यांच्या लिखाणातही दिसतो. मराठीत ‘जेवताना पाहुणे आले’ म्हटले तर जेवणारा मी, येणारे पाहुणे, हे ऐकणाऱ्यास कळते. इंग्रजीत ‘व्हाइल ईटिंग, द गेस्ट्स अराइव्ह्ड’ असे लिहिले तर पाहुणे तोंडात घास घेऊन दारात आले असा अर्थ होतो. ‘व्हाइल’पुढचा कर्ता गाळला तर तो मुख्य वाक्याच्या कर्त्याकडून उसना घेतला जातो. आमच्या गिरणीच्या प्रकरणात आम्ही ‘व्हाइल स्वीपिंग, हिज हँड वॉज कॉट’ असे लिहिले असते, तर एकटा हातच झाडू मारीत होता असे झाले असते. नानांनी ‘ही वॉज’ हे दोन शब्द गाळले नाहीत ते याचसाठी.

‘व्हाइल’चा आणखी एक उपयोग आहे, ‘तर उलट’ किंवा नुसते ‘आणि’ या अर्थाचा. थोरला शेती करतो, ‘व्हाइल’ धाकटा नोकरी करतो. हे आज रूढ आहे. परंतु हेन्री फौलर या व्याकरणकाराने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या सैलपणावर चांगलेच कोरडे ओढले होते, आणि आम्हांस त्यांचे म्हणणे पटते. आपल्या मंडळाच्या अहवालाचे इंग्रजी भाषांतर करताना कोणी लिहिले की अध्यक्षांनी प्रार्थना म्हटली ‘व्हाइल’ चिटणीसांनी आभार मानले, तर परमुलखातला वाचक समजेल की दोघे एकदमच उभे राहिले व गलबला झाला! तेथे साधा ‘अँड’ पुरे.

आणि खुद्द इंग्लंडात तरी या शब्दाविषयी एकमत आहे काय? यॉर्कशायर या उत्तरेकडील परगण्यात ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नवापासून पाचपर्यंत. तिकडे अशी एक गंमत सांगतात की रेल्वेच्या फाटकावर ‘दिवा लुकलुकत असताना थांबा’ या अर्थाची पाटी ‘व्हाइल’ शब्द घालून लावली, तर यॉर्कशायरच्या माणसाने तिचा अर्थ ‘दिवा लुकलुकेपर्यंत थांबा’ असा घेतला आणि दिवा लागताच तो रूळ ओलांडू लागला. आपल्या मुलांनी इंग्रजी चुकले म्हणून फार लाजू नये. शब्द साहेबालाही दगा देतो.

‘हॅड’कडे परत येऊ, कारण तोच आमचा अपराधी. हे ध्यानात यावे म्हणून आम्ही नंतर वर्गात एक खेळ घेत असू. मी स्टेशनवर पोचलो, आणि गाडी. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन वॉज लीव्हिंग’, गाडी हलली आहे, धावा, अजून मिळेल. ‘द ट्रेन लेफ्ट’, मी पोचलो आणि लगोलग ती सुटली. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’, फलाट रिकामा, घरी जा. क्रियापदाची तीन रूपे, प्रवाशाची तीन नशिबे. मुले शिपायाच्या खुर्चीची गाडी करून हे करून दाखवीत व खूप हसत.

मराठी माणसाच्या हातून ‘हॅड’ का सुटत नाही, यालाही कारण आहे. ‘मी काल पुण्यास गेलो होतो’ हे मराठीत शुद्ध आहे. त्यातील ‘होतो’ने आधीची-नंतरची भानगड सुचत नाही, गेलो आणि परत आलो, एवढेच. ते शब्दशः इंग्रजीत नेले की ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ होते आणि ऐकणारा वाट पाहतो की त्यानंतर काय झाले? इंग्रजी ‘हॅड’ला मागून येणारी दुसरी गोष्ट लागते. ‘हॅड फिनिश्ड’ म्हटले की वाचणाऱ्याने मानलेच की आधी काम संपले, मग हात गेला. आमच्या मराठी कानाला तो नुसता थाट वाटला होता.

वास्तविक मराठी या बाबतीत दरिद्री मुळीच नाही. जेवत असताना, जेवता जेवता, जेवताच, जेवून, जेवल्यावर, जेवतो न जेवतो तोच, असे सहा दागिने एका धातूवर घडविता येतात आणि प्रत्येकाची वेळ निराळी. ‘जेवताना’ आणि ‘जेवताच’ यांत केवढे अंतर आहे पाहा : पहिल्यात घास हातात आहे, दुसऱ्यात हात धुतला आहे. परंतु इंग्रजी करावयास बसलो की आम्ही हे सारे विसरतो आणि सगळ्यांस एकच टोपी घालतो.

जाता जाता ‘वेळ’ या शब्दाविषयी. एकाच वेळी म्हणजे ‘ऍट द सेम टाइम’. एका वेळी एक म्हणजे ‘वन ऍट अ टाइम’. एके काळी म्हणजे ‘ऍट वन टाइम’. अधूनमधून म्हणजे ‘ऍट टाइम्स’. चारही ठिकाणी तोच ‘टाइम’, आणि औषधाच्या बाटलीवर यांतला एक दुसऱ्याच्या जागी वाचला गेला तर परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. ‘टू टॅब्लेट्स ऍट अ टाइम’ म्हणजे दर खेपेस दोन.

आणि ‘मीनव्हाइल’. याचा अर्थ ‘त्या मधल्या अवधीत’. आमच्या वर्तमानपत्रांनी त्याचे ‘दरम्यान’ केले आणि मग त्याला बातमीच्या प्रत्येक परिच्छेदाच्या दारात उभे केले. पुलाचे उद्घाटन झाले. दरम्यान, कांद्याचे भाव वाढले. कशाच्या दरम्यान? असो. हा राग आम्ही दुसऱ्या एखाद्या संमेलनासाठी राखून ठेवतो.

काही तरुण मंडळी मनात म्हणत असतील, गुरुजी, आता हे कशाला? मराठी वाक्य फोनला सांगितले की इंग्रजी हजर होते. खरे आहे. आमचा नातू ते करतो आणि यंत्राचे इंग्रजी पुष्कळदा आमच्या इंग्रजीहून बरे असते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु २००६ साली आमच्याकडे असा फोन असता आणि आम्ही त्यास ‘ड्यूटी संपवून भुसा झाडताना हात सापडला’ असे सांगितले असते, तर त्यानेही इमानेइतबारे ‘आफ्टर फिनिशिंग हिज ड्यूटी’ असेच लिहून दिले असते. घंटा झाली होती काय, हे त्याने विचारले नसते. आम्हीही विचारले नाही. नानांनी विचारले.

हल्ली आपल्या घराघरांतून अशा कागदांची संख्या वाढली आहे. कोणाचा विम्याचा दावा, कोणाच्या मुलाची नोकरीची हकीकत, कोणास परदेशी जाण्याचा अर्ज. शिकत असताना नोकरी केली की शिकून झाल्यावर केली, नोकरीत असताना आजारी पडला की सोडल्यावर, अशा तारखांवर निर्णय होतात. मुले इंग्रजी माध्यमात आहेत, ती चटचट लिहितात; परंतु घडलेली गोष्ट आजीला किंवा वडिलांना ठाऊक असते, आणि त्यांना ती मराठीत ठाऊक असते. त्या दोघांच्या मध्ये कोणीतरी बसून रेघा व टिंबे काढली पाहिजेत.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या संमतीने एक गोष्ट जाहीर करतो. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसत जाऊ. ज्यांना इंग्रजीत काही लिहावयाचे असेल त्यांनी यावे. येताना घडलेली हकीकत आधी मराठीत, साध्या शब्दांत, कोणत्या गोष्टीनंतर काय आणि कोणत्या गोष्टीबरोबर काय, अशी लिहून आणावी. ज्याच्यावर प्रसंग आला त्यालाही शक्यतो बरोबर आणावे, कारण आम्ही प्रश्न विचारणार आहो. पेन्सिल व पाठकोरे कागद वाचनालयात ठेवले आहेत. आणि ज्यांच्या अर्जावरून हे सारे सुरू झाले ते आमचे बांधव आज समोर चौथ्या रांगेत बसले आहेत; डाव्या हाताने त्यांनी आता सुरेख अक्षर कमावले आहे, आणि रविवारच्या नोंदवहीचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले आहे.

कार्यवाह खालून खुणावीत आहेत की पंगत वाढली आहे.